रेडिओची मालकी आणि आपल्या कानावर पडणारी गाणी

मध्यमलहर (सोमवार, रात्री ९:४०)

मागच्या आठवड्यात सांगलीला बहिणीकडे होतो. तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दोन मशीन, हाताखाली एक मुलगी आणि खिडकीत रेडिओ. हात कापडात आणि पाय पायट्यावर, त्यामुळे मोबाइलवर गाणी शोधत बसायला तिला सवड नसते. सकाळी रेडिओ लावला की दुकान बंद करतानाच बंद होतो. तिने विचारलं, "दादा, बटण फिरवलं तरी तेच गाणं का रे लागतं?" मला वाटलं, ती वाढवून सांगतेय. म्हणून तासभर तिथेच स्टुलावर बसून राहिलो आणि दर पाच मिनिटांनी स्टेशन बदलत गेलो. एक नवं हिंदी गाणं त्या तासात तीन खाजगी स्टेशनांवर लागलं, त्यातल्या एकावर दोनदा. मराठी गाणं एकच ऐकायला मिळालं, तेही आकाशवाणी सांगलीवर.

तेव्हापासून तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. गेले चार-पाच दिवस मिळेल ते वाचतोय. जे हाती लागलं ते मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिथून खाजगी एफएमचा रस्ता मोकळा झाला. ३ जुलै २००१ ला बंगळुरात रेडिओ सिटी सुरू झालं, ते देशातलं पहिलं खाजगी एफएम स्टेशन. परवाने वाटपाच्या पहिल्या फेरीत शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं, त्यात बरेच जण बुडाले. २००५ मध्ये दुसऱ्या फेरीपासून उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशेब आला आणि लहान शहरांत स्टेशनं निघाली. २०११ च्या तिसऱ्या फेरीच्या धोरणात मालकीवर दोन लगाम होते. देशातल्या एकूण चॅनेलपैकी १५ टक्क्यांहून जास्त एका कंपनीकडे नकोत, आणि एका शहरातल्या ४० टक्क्यांहून जास्त नकोत, शिवाय त्या शहरात निदान तीन वेगळे चालक हवेत. यातला १५ टक्क्यांचा लगाम सरकारने २०२२ मध्ये काढून टाकला.

आता व्यवहार बघा. जागरण या वृत्तपत्र समूहाने २०१५ मध्ये रेडिओ सिटी घेतलं. २०१९ मध्ये एचटी मीडियाने रेडिओ वनचा ताबा घेतला. त्याच वर्षी रेडिओ सिटीची कंपनी बिग एफएमला विकत घेणार असं जाहीर झालं, १,०५० कोटींचा व्यवहार होता, पण मंजुऱ्या न मिळाल्याने २०२० मध्ये तो बारगळला. पुढे बिग एफएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि सफायर मीडियाकडे आलं.

माझा प्रश्न साधा आहे. मालक कमी झाले की गाणीही कमी होतात का? की बहिणीच्या दुकानात जे ऐकलं त्याचं कारण वेगळंच आहे?

एडिसनकर (सोमवार, रात्री ११:१५)

चांगला विषय काढलात. या बाबतीत अमेरिकेत जे झालं ते मी इथे राहून पाहिलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मी १९९४ च्या अखेरीस इथे आलो. तेव्हा एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० स्टेशनं ठेवता यायची, २० एएम आणि २० एफएम. ८ फेब्रुवारी १९९६ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली आणि देशपातळीवरची मर्यादा पूर्णच गेली. स्थानिक मर्यादा राहिली, पण सैल. ज्या शहरी बाजारात ४५ किंवा अधिक स्टेशनं आहेत तिथे एका मालकाला आठ चालतात. मग खरेदीची झुंबड उडाली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची क्लिअर चॅनेल ही कंपनी चाळीसेक स्टेशनांवरून पाच-सहा वर्षांत बाराशेच्या आसपास गेली.

त्या काळात नोकरीसाठी मला आठवड्याला न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियाच्या पार पश्चिम टोकापर्यंत गाडी चालवत जावं लागे. सुरुवातीला प्रत्येक गावाची हद्द रेडिओवर कळायची. एका गावात पोलका नाचाचं संगीत वाजायचं, दुसरीकडे शाळेच्या फुटबॉल सामन्याचं समालोचन, कुठे चर्चमधलं गायन. एका स्टेशनवरचा म्हातारा निवेदक रात्री दहाला जॅझ लावायचा आणि प्रत्येक तबकडीमागची गोष्ट सांगायचा. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ते त्याने शिकवलं. २००० च्या पुढे त्याच रस्त्यावर शंभर मैल गेलं तरी तीच गाणी, तेच नाव, तोच आवाज. त्याला इथे व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. निवेदक दूरच्या एका शहरात बसून पंधरा गावांची वाक्यं ध्वनिमुद्रित करतो, मध्ये गावाचं नाव तेवढं घालतो.

याचा सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रसंग नॉर्थ डकोटातल्या मायनॉटचा. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्री तिथे मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. गावातली सहाही व्यापारी स्टेशनं एकाच कंपनीची होती. पोलीस फोन करत होते, पण रात्री बहुतेक सगळं यंत्रावर चाललेलं, फोन उचलला गेला नाही. एक जण दगावला, शेकडो लोकांना बाधा झाली. कंपनीचं म्हणणं होतं की पोलिसांकडची इशारा यंत्रणा नीट बसवलेली नव्हती, आणि तो मुद्दा खोटा म्हणता येत नाही. तरी सहा स्टेशनं असून गावाला वेळेत इशारा मिळाला नाही, हे उरतंच.

गोधडी (मंगळवार, सकाळी ७:५०)

विषय चांगला आहे, पण आता रेडिओ ऐकतं कोण? फोनवर हवं ते गाणं मिळतं. मालक एक असो की दहा, काय फरक पडतो?

मध्यमलहर (मंगळवार, सकाळी ८:३०)

गोधडी, हवं ते गाणं फोनवर मिळतं, पण काय हवंय हे आधी माहीत असावं लागतं. न मागता कानावर पडलेलं गाणं ही रेडिओची देणगी. माझ्या बहिणीला जी शेकडो गाणी पाठ आहेत, त्यातलं एकही तिने शोधून ऐकलेलं नाही. शिवाय रिक्षावाले, गिरणीतले, वॉचमन, स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बायका, यांचे हात मोकळे नसतात. यांना जे लागेल ते ऐकावं लागतं, म्हणून कोण काय लावतो याची मला काळजी वाटते.

अर्थबोध (मंगळवार, दुपारी १:०५)

मी अर्थशास्त्र शिकवतो. या प्रश्नावर १९५२ सालापासून एक गणित प्रसिद्ध आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. आपल्या गावावर बसवून सांगतो.

समजा एका गावात ९०० श्रोते आहेत. ६०० जणांना नवी हिंदी गाणी आवडतात, १५० जणांना मराठी, १५० जणांना जुनी हिंदी. स्टेशनं तीन, मालक तीन. तिघांनीही नवी हिंदी लावली तर प्रत्येकाला २०० श्रोते. त्यातला एक मराठीकडे वळला तर त्याला १५० मिळतील, म्हणजे ५० चा तोटा. म्हणून कोणी वळत नाही. तीन मालक, चुरशीची स्पर्धा, आणि गाणी एकाच तऱ्हेची. उरलेले ३०० जण उपाशी.

आता तिन्ही स्टेशनं एका मालकाची धरा. स्वतःचेच श्रोते स्वतःच्याच दुसऱ्या स्टेशनवर पळवण्यात त्याला काही मिळत नाही. तो एकावर नवी हिंदी लावेल, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर जुनी. ६०० अधिक १५० अधिक १५०. श्रोते ९००, कोणी उपाशी नाही.

हे नुसतं फळ्यावरचं नाही. स्टीव्हन बेरी आणि जोएल वॉल्डफोगेल यांनी अमेरिकेतल्या १९९६ नंतरच्या विलीनीकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की विलीनीकरणाने स्टेशनांची संख्या घटली, पण दर स्टेशनामागे कार्यक्रमांच्या प्रकारांची विविधता वाढली. घरचं उदाहरण हवं तर मुंबई घ्या. मध्यमलहर यांनी लिहिलेला २०१९ चा रेडिओ वनचा व्यवहार झाला तेव्हा एचटी मीडिया या एकाच समूहाकडे फीवर, नशा आणि रेडिओ वन आली. फीवरवर नवी हिंदी, नशावर जुनी हिंदी, रेडिओ वनवर इंग्रजी. अगदी गणितात सांगितल्यासारखं.

म्हणून "मालक कमी तर गाणी कमी" हे समीकरण मी डोळे मिटून मान्य करणार नाही.

पंचगंगाकाठ (मंगळवार, दुपारी ३:२०)

अर्थबोध सर, गणित समजलं. पण तुमच्याच उदाहरणाकडे पुन्हा बघा. मुंबईत एका मालकाकडे तीन स्टेशनं आली, तिघांची गाणी वेगळी झाली, आणि त्यात मराठी कुठे आहे? महाराष्ट्राच्या राजधानीत नवी हिंदी, जुनी हिंदी आणि इंग्रजी. वेगळेपण आलं, पण ते ऐकणाऱ्याच्या आवडीने आलं की जाहिरात देणाऱ्याच्या?

दुसरं म्हणजे प्रकारांची नावं वेगळी झाली म्हणून गाणी वेगळी होतात का? अमेरिकेत फ्यूचर ऑफ म्युझिक कोअलिशन या संस्थेने २००२ मध्ये हेच तपासलं होतं. वेगळ्या नावाच्या काही प्रकारांच्या याद्या ताडून पाहिल्या तर ७० टक्क्यांहून जास्त गाणी सारखीच निघाली. पाटी बदलली, माल तोच.

अर्थबोध (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. दुसऱ्यावर आणखी एक पुरावा मीच देतो, तो माझ्या दुपारच्या गणिताच्या विरोधात जातो, पण द्यायलाच हवा. अँड्र्यू स्वीटिंग यांनी २०१० मध्ये प्रकारांची नावं बाजूला ठेवून प्रत्यक्ष वाजलेल्या गाण्यांच्या याद्या तपासल्या. एका मालकाच्या छत्राखाली आलेली दोन स्टेशनं एकमेकांपासून दूर सरकतात हे खरं निघालं. पण दूर सरकताना ती तिसऱ्याच कोणाच्या तरी जवळ जातात, आणि त्याचे श्रोते ओढून घेतात. शहराची एकूण विविधता होती तिथेच राहते.

गणितात एक गृहीतकही आहे, ते सांगायचं राहिलं. मी धरलं होतं की आवडीचं लागलं नाही तर माणूस रेडिओ बंद करतो. पण समजा तो बंद करत नाही. मराठी हवं असलेले १५० जण मराठी नाही म्हणून नवी हिंदीच ऐकत बसले, तर एका मालकाला एकाच स्टेशनवर सगळे ९०० मिळतात. मग त्याला मराठी स्टेशन चालवायचं कारणच उरत नाही.

मध्यमलहर, तुमच्या बहिणीचं दुकान इथे येतं. त्यांचा रेडिओ दिवसभर चालू असतो. मोजणाऱ्याच्या लेखी त्या समाधानी श्रोत्या आहेत.

मध्यमलहर (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

सर, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. चालू रेडिओ म्हणजे पसंती असं मीही आजवर धरत आलो होतो.

फेडर (मंगळवार, रात्री १०:३०)

बारा वर्षं एका खाजगी एफएममध्ये होतो, आधी प्रोग्रॅमिंगला आणि नंतर सेल्सला. कंपनीचं नाव घेणार नाही. आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे "कोण ठरवतं" हे कळेल.

स्टुडिओत प्रत्येक तासाचं एक घड्याळ असतं, त्याला क्लॉक म्हणतात. गोल काढून त्याच्या फाका पाडलेल्या असतात. इथे गाणं, इथे लिंक म्हणजे आरजेचं बोलणं, इथे जाहिरातींचा ब्रेक, इथे जिंगल. गाण्याच्या फाकेत गाण्याचं नाव नसतं, वर्ग असतो. सगळ्यात गाजणारी गाणी पॉवर वर्गात, ती काही तासांनी फिरून आलीच पाहिजेत. त्यांच्या खाली जरा जुनी, त्यांच्या खाली आणखी जुनी. मग सॉफ्टवेअर फाका भरतं. आरजेला गाणं निवडायचा अधिकार जवळजवळ नसतोच. लोकांना वाटतं आमची आरजे त्यांच्या फर्माइशीचं गाणं लावते. बहुतेक वेळा ते गाणं आधीच यादीत असतं, आणि त्याला जुळणारा फोन शोधला जातो.

मी लागलो तेव्हा आमच्या शहरात एक म्युझिक मॅनेजर होता. तो दर शुक्रवारी नवी गाणी ऐकायचा, दुकानांत फिरायचा, गणपतीत कुठलं गाणं मंडळांत वाजतंय ते बघायचा. पॉवर वर्गात दोन-तीन मराठी गाणी स्वतःच्या जबाबदारीवर घालायचा. मालकी बदलली आणि वर्षभरात त्याचं पद गेलं. यादी दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या शहरातून मेलवर येऊ लागली, आमच्यासकट अनेक शहरांना एकच. श्रावणात लागणारी आमची गाणी त्या यादीत नव्हती, कारण तिकडचा श्रावण पंधरा दिवस आधी सुरू होतो. विचारलं तर उत्तर आलं की एका शहरासाठी वेगळं क्लॉक परवडत नाही. तिसऱ्या फेरीच्या धोरणाने आपल्या जाळ्यातल्या कुठल्याही शहरात तोच कार्यक्रम लावायची मुभा दिलेली आहे. आधी ती फक्त लहान शहरांपुरती आणि एका विभागापुरती होती. त्यामुळे यात नियमबाह्य काही नव्हतं.

आता सेल्सची बाजू. मोठी जाहिरात एजन्सी वीस शहरांचं पॅकेज एकदम घेते. ज्याच्याकडे वीस शहरं आहेत त्याला फोन येतो. एकाच गावात स्टेशन असलेल्या माणसाने कितीही चांगला कार्यक्रम केला तरी त्याला त्या पॅकेजमध्ये जागा नसते. तो कपड्याची दुकानं, क्लासेस, दागिन्यांची पेढी, यांच्यावर जगतो. आणि किती लोक ऐकतात हे मोजणारी रॅम नावाची पाहणी फक्त मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता इथे व्हायची. सांगली, जळगाव, नांदेडचा श्रोता काय ऐकतो हे कोणी मोजलंच नाही. मग एजन्सीला वाटतं की जे मुंबईत चालतं तेच तिथेही चालत असणार.

एडिसनकर (बुधवार, पहाटे ५:२०)

फेडर, अगदी मोलाचं लिहिलंत. मोजणीवरून आठवलं. २००० साली क्लिअर चॅनेलने एएमएफएम ही दुसरी प्रचंड कंपनी घेतली तेव्हा अमेरिकी न्याय खात्याने मध्ये पडून २७ शहरी बाजारांतली ९९ स्टेशनं विकायला लावली. पण कसोटी काय होती? जाहिरातीचे दर वाढतील का, ही. जाहिरातदार हा ग्राहक, त्याला पर्याय राहिला पाहिजे. श्रोता पैसे देत नाही, म्हणून स्पर्धा कायद्याच्या हिशेबात त्याची किंमत वाढली असं म्हणताच येत नाही. एखादा संगीतप्रकार शहरातून नाहीसा झाला तर त्या नुकसानीसाठी त्या कागदावर रकानाच नाही.

आणि या अवाढव्य कंपन्यांचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं. खरेदी कर्जावर झाली होती. क्युम्युलस ही अशीच मोठी रेडिओ कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. क्लिअर चॅनेलचं नाव बदलून आयहार्टमीडिया झालं होतं, ती २०१८ मध्ये गेली, २० अब्ज डॉलरच्या घरात कर्ज होतं. दोन्ही त्यातून बाहेर आल्या, पण मधल्या वर्षांत हप्ते भरण्यासाठी काटछाट झाली ती माणसांची. माझा तो जॅझवाला म्हातारा त्याआधीच गेला होता. त्याच्या वेळेत आता काय लागतं ते मी ऐकलेलं नाही, त्या रस्त्याने जाणंच सुटलं.

यॉर्कवासी (बुधवार, दुपारी १२:४०)

इंग्लंडचंही थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये बाउअर या कंपनीने एकदम चार समूहांची छोटी स्टेशनं घेतली. स्पर्धा नियामकाने चौकशी केली, काही अटी घातल्या आणि २०२० च्या वसंतात परवानगी दिली. १ सप्टेंबर २०२० ला त्यातली बहुतेक ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ या एकाच नावाखाली गेली. आमचं यॉर्कचं मिन्स्टर एफएम गेलं, शेजारच्या हॅरोगेटचं स्ट्रे एफएम गेलं. बर्फ पडला की कुठल्या शाळा बंद आहेत ते आम्ही मिन्स्टरवर ऐकायचो. मुलं स्वेटर अर्धवट घालून रेडिओजवळ उभी राहायची, शाळेचं नाव येतंय का म्हणून. नव्या स्टेशनवर गाणी वाईट नाहीत, माझ्या वयाच्या माणसाला आवडतीलही. पण ती सगळीकडे तीच.

यवतमाळकर (बुधवार, रात्री ८:१५)

सगळं वाचून काढलं. आमच्याकडची गोष्ट जरा वेगळी आहे, म्हणून लिहितो. यवतमाळात आकाशवाणी आहे, खाजगी एफएम नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली, त्यात लातूर, चंद्रपूर आणि आमचं यवतमाळ आहे. आमच्या कॉलेजातली पोरं तेव्हा खुश झाली होती, आपल्या गावचा रेडिओ येणार म्हणून.

आता अर्थबोध सरांचं गणित आमच्या गावाला लावून बघा. ७३० भागिले २३४, म्हणजे गावाला साधारण तीन चॅनेल. तीन चॅनेलवर ४० टक्के म्हणजे एका मालकाला एकच. म्हणजे नियमाने आमच्याकडे तीन स्टेशनं, तीन मालक. सरांच्या फळ्यावर होतं अगदी तसं. आणि तिघंही नवी हिंदी लावणार! झाडीपट्टीची दंडार, बंजारा समाजाची लेंगी, आंबेडकरी जलशातली गाणी, वऱ्हाडी बोलीतल्या कविता, याला २०० मधले ५० श्रोते कमी म्हणून जागा नाही.

विलीनीकरण झालं तरी आम्ही बाहेर, नाही झालं तरी आम्ही बाहेर. मग धाग्याचा प्रश्नच थोडा बदलावा लागेल असं मला वाटतं. मालक किती यापेक्षा यादी कुठे बसून ठरते हे विचारा.

पंचगंगाकाठ (बुधवार, रात्री ९:०५)

यवतमाळकर, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या कोल्हापुरात टोमॅटो एफएम आहे, ते इथल्याच पुढारी समूहाचं. मोठ्या जाळ्यांची स्टेशनंही आहेत. सगळं गोड आहे असं नाही, तरी पुराच्या दिवसांत पंचगंगेची पातळी किती, कुठला रस्ता बंद, हे इथे राहणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकण्यात आणि बाहेरून आलेल्या कार्यक्रमात जमीन-अस्मानाचा फरक असतो. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत वीज नव्हती, फोन बंद पडले होते. सेलवरचा रेडिओ तेवढा चालू होता. त्या आठवड्यात आम्ही स्टेशन गाण्यांवरून निवडलं नाही, बोलणारा कुठे बसलाय यावरून निवडलं.

अर्थबोध (बुधवार, रात्री १०:२०)

यवतमाळकर, तुम्ही माझं गणित माझ्यापेक्षा नीट लावलंत. मालकीची मर्यादा चॅनेल मोजते, गाणी मोजत नाही. गाण्यांसाठी वेगळी अट लागते, आणि ती घालणारे देश आहेत. कॅनडात लोकप्रिय संगीत लावणाऱ्या स्टेशनांना आठवड्यात ३५ टक्के गाणी कॅनडाची लावावी लागत आलीत, आणि फ्रेंच स्टेशनांना गायनातलं ६५ टक्के फ्रेंचमध्ये. शेजारी अमेरिकेसारखा राक्षसी बाजार असताना त्यांनी हे दशकानुदशकं टिकवलं. त्याला वळसे घालणारेही आहेत, उदाहरणार्थ कॅनडाची गाणी रात्री उशिरा सारायची, म्हणून मग दिवसाच्या वेळेचीही अट घालावी लागली. पण निदान प्रश्न गाण्याच्या भाषेत विचारला गेला.

दुसरा मार्ग सामुदायिक रेडिओचा. अमेरिकेत कमी शक्तीच्या स्टेशनांसाठी २०११ च्या जानेवारीत कायदा झाला. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. पल्ला थोडा, पैसा त्याहून थोडा. पण तिथे यादी गावातच ठरते.

फेडर (बुधवार, रात्री ११:४०)

सर, एक दुरुस्ती. छोट्या स्टेशनला पैसा कमी हे खरं, पण त्यातला मोठा खर्च कशाचा ते पाहा. वीज, टॉवरचं भाडं आणि गाण्यांची रॉयल्टी. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने रॉयल्टी जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के ठरवली तेव्हा लहान खाजगी स्टेशनांना श्वास घेता आला होता. त्याआधी तासाच्या हिशेबाने पैसे मागितले जायचे. नांदेडच्या तासाची आणि मुंबईच्या तासाची कमाई सारखी नसते, पण गाणं तेवढंच मोठं. अशा ओझ्याखाली जो लहान मालक थकतो तोच पुढे मोठ्याला विकतो. विलीनीकरण नेहमी मोठ्याच्या हावेपोटीच होतं असं नाही. मी ज्यांना विकताना पाहिलं त्यातले दोघे सही करताना रडले होते.

आणखी एक सांगतो. स्थानिक यादी परत आणायला फार खर्च येत नाही. एक माणूस, एक टेबल आणि शुक्रवारची दुपार. आमचा म्युझिक मॅनेजर एवढ्यावरच सगळं करायचा.

गोधडी (गुरुवार, सकाळी ७:३०)

माझा पहिला प्रतिसाद घाईत लिहिला होता. काल कामवाल्या मावशींना विचारलं, त्या फोनवर रेडिओच ऐकतात, इयरफोन अँटेना म्हणून लावून. म्हणाल्या, "डेटा पोराला लागतो ताई, मला हे फुकट आहे." मला हे ठाऊकच नव्हतं. मध्यमलहर, तुमच्या बहिणीने आणखी काही ऐकून नोंदवलं तर इथे लिहा, वाचायला आवडेल.

मध्यमलहर (गुरुवार, रात्री ९:५०)

तिला धागा वाचून दाखवला. अर्थबोध सरांच्या गणितावर ती म्हणाली, "म्हणजे मी बंद केला असता तर बरं झालं असतं." पण बंद करून दुकानात नुसता मशीनचा आवाज ऐकत बसणं तिला जमणार नाही, तेही लगेच म्हणाली.

आज तिने मापांच्या वहीत नोंद ठेवली, मागच्या कोऱ्या पानावर. फोटोवरून जसंच्या तसं उतरवतो. खाजगी स्टेशनांची नावं गाळली आहेत.

"सकाळी ८.१० तेच. ८.२५ दुसरीकडे तेच. ८.४० जाहिरात, जाहिरात, जाहिरात. ८.५० तिसरीकडे तेच, पण मधूनच सुरू. ९.०५ आकाशवाणी, भावगीत, आईचं आवडतं. मशीन थांबवलं. ९.१२ गिऱ्हाईक आलं."